पाण्याच्या टाकीवर जागा होती

डॅडी, तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुमची आठवण न येता माझा एक आठवडा गेला नाही. हे वाचून खूश होऊ नका. दात दुखत असला की जीभ सारखी तिथेच जाते, तशातली ही आठवण आहे. तुमच्या मयताला वसईच्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. बहरीनहून परतलेले झाडून सगळे आले होते, आणि जो तो माझा हात धरून एकच गोष्ट सांगत होता: तुझ्या डॅडींनी आमच्या घरी अँटेना लावून दिला, उन्हात गच्चीवर चढले, साधा चहासुद्धा घेतला नाही, देवमाणूस. मी मान हलवत होते. माझ्या शेजारी मम्मी काळी साडी नेसून उभी होती. तिने एकदाही मान हलवली नाही, आणि लोकांना वाटलं बिचारीला दुःखाने काही सुचत नाहीये. तिला सगळं सुचत होतं. तुम्ही गावभर नीट लावून दिलेल्या अँटेनांमध्ये तिचा नव्हता, एवढंच तिला सुचत होतं.

बहरीनच्या नईम मोहल्ल्यातल्या त्या घराची गच्ची मी आजही डोळे मिटून चालू शकेन. खाली हाजी, म्हणजे आपला घरमालक आणि त्याचं खटलं, वर आपण तिघं, आणि आपल्या डोक्यावर तुमचा टॉवर. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही बोटींचे रेडिओ दुरुस्त करायचात, तिथल्याच वेल्डरकडून पाण्याचे पाइप जोडून तो बनवून घेतला होता आणि चारी बाजूंनी तारांनी ताणून उभा केला होता. टोकाला मोटरवर फिरणारा तुमचा मोठा अँटेना. रीतसर लायसन काढून तुम्ही त्याच्यावरून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचात. जपानच्या कुणाला, ब्राझीलच्या कुणाला तुम्ही अगदी मायेने विचारायचात, तिकडे हवा कशी आहे, घरी सगळे बरे आहेत ना, माझा आवाज कसा येतोय. मी दाराशी उभी राहून ऐकायचे. ब्राझीलच्या माणसाच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला माहीत होतं. मम्मीची नाइट ड्यूटी कुठल्या आठवड्यात असते ते माहीत नव्हतं.

आणि तुम्ही बोलायला बसलात की घर मरायचं. फ्रिजची मोटर, मिक्सर, पंखा, एसी, ट्यूबलाइट, ज्याच्या ज्याच्यात वीज खेळते ते सगळं बंद, कारण त्यातून तुमच्या सेटमध्ये खरखर यायची. बहरीनच्या जूनमध्ये, डॅडी! भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. मम्मी रात्रभर वॉर्डात उभी राहून सकाळी घरी यायची, चादर पाण्यात बुडवून पिळायची, अंगावर घ्यायची आणि झोपायचा प्रयत्न करायची. मी एकदा म्हणाले, "बट डॅडी, इट्स सो हॉट, मम्मी कान्ट स्लीप." तुम्ही हेडफोनचा एक कान उचललात आणि म्हणालात, "सुट्टीचा शुक्रवार एकच असतो. तिला म्हणावं, खिडकी उघड." खिडकीतून काय येणार होतं, समोरच्या भिंतीची धग. तरी ती उठून तुमच्याशी भांडली नाही, आणि त्याचाच मला तेव्हा तुमच्याइतका राग यायचा. माझ्याशी मात्र तुम्ही एकदा खूप बोललात. गच्चीवरच्या दोन केबली वाऱ्याने आपटत होत्या म्हणून मी कपड्यांच्या दोरीने त्या एकत्र बांधून टाकल्या, तर हाजीच्या मुलांसमोर माझा कान पिळून तुम्ही ओरडलात, "दोन केबली कधी एकत्र बांधायच्या नाहीत! एकीतलं दुसरीत उतरतं. डोकं आहे का नाही?" होतं. ते वाक्य त्यात इतकं घट्ट बसलं की पुढे त्याच्यावर मला पहिली नोकरी मिळाली, पण त्याचे आभार मानायला हे पत्र नाही.

मामाकडे येते. तुम्हाला तो फार पटायचा नाही. हसरा होता म्हणून असेल. आखातात सामान ने-आण करणाऱ्या एका बोटीवर तो सेकंड ऑफिसर होता, आणि बोट महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या बंदरात यायची. पण त्या लोकांना बंदराच्या गेटबाहेर सोडत नसत आणि मम्मीला आत जायची परवानगी नव्हती. सख्खी भावंडं, मध्ये टॅक्सीने थोड्या मिनिटांचा रस्ता, आणि भेट नाही. खालच्या गल्लीत राहणारे रत्नागिरीचे चाचा शिपिंग एजंटच्या ऑफिसात क्लार्क होते, ते निरोप आणायचे: "बाय, तुझा भाऊ आलाय. बरा हाय." एवढाच. मग एका वाढदिवसाला तुम्ही वर्कशॉपमधून मोडीत काढलेला बोटीचा एक रिसिव्हर आणलात, दुरुस्त केलात, मम्मीच्या किचनमध्ये मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवलात आणि म्हणालात, "बोट येताना-जाताना पोर्ट कंट्रोलशी बोलावं लागतं. तुझा भाऊच बोलतो. ऐक." नको तेव्हाची खरखर बंद राहावी म्हणून तुम्ही एक बटण नेमकं लावून दिलंत, आणि ते हलू नये म्हणून मम्मीच्याच ड्यूटीच्या पिशवीतली चिकटपट्टी त्याच्यावर मारलीत. कुणी बोललं तरच सेट बोलणार, नाहीतर गप्प. टॉवरवर, तुमच्या अँटेनाच्या खाली, एक बारीक उभी दांडी लावलीत. तिचा अँटेना.

हे मी लिहिते आहे कारण हेही खरं आहे. मामाचा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मम्मी कांदा चिरत होती. बोटीचं नाव, आत येण्याची परवानगी, सगळं ऑफिसच्या इंग्रजीत, आणि शेवटी, कंट्रोलने काहीही विचारलेलं नसताना, "ऑल वेल ऑन बोर्ड, सर." कंट्रोलला त्याचं काय करायचं होतं? ते वाक्य किचनसाठी होतं. चाचांनी त्याला सांगून ठेवलं होतं की बहीण ऐकत असते. मम्मी सुरी हातात धरून हसली आणि मग तोंडाला पदर लावून रडली, आणि तुम्ही दारात उभे राहून दोन्ही पाहिलंत. त्या दिवशी तुम्ही मला आवडला होतात. पुढच्या सगळ्याची चीड त्यामुळे दुप्पट आहे.

कारण एका टॉवरवर दोघांचं जमेना. तुम्ही बोलायला लागलात की मम्मीचा सेट तुमचाच तुटका, घोगरा आवाज ओकायला लागायचा, आणि तुम्ही म्हणायचात तिच्या दांडीमुळे तुमच्या अँटेनाची दिशा बिघडते. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," हे तुमचं आवडतं वाक्य झालं. राहत नसतील, पण म्यान दुसरं मिळतं, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. हाजीचा टीव्हीचा अँटेनाही त्याच टॉवरला मध्यावर बांधलेला होता. फुटबॉलची मॅच चालू असताना तुम्ही जपानला हाक मारलीत आणि हाजीच्या पडद्यावर तिरप्या रेघा नाचल्या. तो अंगातला पायघोळ थोब धोतरासारखा वर धरून जिना चढून आला. "टीवी खलास! मॅच मफी! कल से टॉवर भी मफी, समझा?" मफी म्हणजे नाही, संपलं. दुसऱ्या दिवशी एका दुपारीत तुम्ही त्याचा अँटेना टॉवरवरून उतरवला, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीवर पाइप उभारून त्याच्यावर चढवला, नवी केबल वेगळ्या भिंतीवरून उतरवली, टीव्हीच्या मागे एक छोटा फिल्टर बसवला. रेघा गेल्या. हाजीने खजूर पाठवले. मी तुम्हाला विचारलं, "मम्मीज ऑल्सो, ऑन द टँक?" टाकीवर जागा होती, डॅडी. आणखी तीन पाइप मावले असते एवढी होती. तुम्ही हात पुसत म्हणालात, "बघू." बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. हाजी ओरडला. मम्मी ओरडत नसे.

मग आखातातल्या युद्धाची ती वर्षं. वर, उत्तरेकडे, जहाजांखाली सुरुंग होते, आणि बोट वेळेवर आली नाही की मम्मी ड्यूटीवरून आल्या आल्या चप्पल न काढता सेटसमोर जाऊन बसायची. ऑक्टोबरच्या शेवटी चाचा दाराशी येऊन सांगून गेले, "बाय, शनिवारी सकाळी बोट सुटतेय. वरती चाललीय. कंट्रोलला तोच बोलेल, इंशाल्ला." तुम्ही त्याच शनिवारी रजा घेतली होती. मम्मीच्या आईच्या मयताला तुम्हाला रजा मिळाली नव्हती; पण जगभरच्या हौशी लोकांची स्पर्धा होती, जास्तीत जास्त देशांशी कोण बोलतो त्याची, आणि तिला मिळाली. मला ताप होता म्हणून मी शाळेत गेले नव्हते. पंखा बंद, फ्रिज बंद, तुमच्या खोलीचं दार बंद आणि आतून तुमचा आवाज, तेच तेच पुन्हा पुन्हा. मम्मी रात्रपाळी करून आली, युनिफॉर्मवरच किचनच्या स्टुलावर बसली. सेटचा लाल दिवा लागलेला होता. तुमचासुद्धा आवाज त्यातून येत नव्हता. ती मला म्हणाली, "आज बघ कसा शहाण्यासारखा शांत हाय." आम्हाला वाटलं तुम्ही काहीतरी दुरुस्ती केलीत. आम्हाला, दोघींना, तुमचं कौतुक वाटलं!

दुपार झाली, सेट बोलला नाही. मम्मी उठली, भात टाकला, आणि झाकण जरा जोरात ठेवत म्हणाली, "आज नाय बोलला. मोठा साहेब झाला, बहिणीला विसरला." पुढचे काही आठवडे ती त्याच्यावर रुसलेली होती. ख्रिसमसला त्याच्यासाठी मैद्याचे फुगे तळून चाचांच्या हाती पाठवायची ती दरवर्षी, तेव्हा म्हणाली, या वर्षी नाही पाठवणार, कळू दे त्याला. मला त्या रुसण्याचा सगळ्यात जास्त राग येतो. म्हणजे तिचा नाही. तिला ते रुसणं तुम्ही दिलंत याचा.

चाचा आले ते आठवतं का तुम्हाला? शुक्रवारी आपण चर्चमधून, मिस्सावरून आलो होतो. तिथे आपला रविवार शुक्रवारीच असायचा. ते चपला काढून दारातच उभे राहिले, आत येईनात. बोटीखाली काहीतरी फुटलं, काही माणसं मिळाली, तो मिळाला नाही. मम्मीने भिंत धरली. मग तिने जे विचारलं ते ऐकून मला वाटलं तिचं डोकं फिरलं: "जाताना तो काय बोलला व्हता का?" चाचा म्हणाले, "बोलला ना, बाय. कंट्रोलमधी आमचा माणूस हाय, त्यानं सांगितलं. ऑल वेल ऑन बोर्ड, दोनदा बोलला. कंट्रोलवाला हसला पण, म्हणे एकदा ऐकलं रे बाबा." मम्मीने सेटकडे पाहिलं. मग तुमच्याकडे.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. तेवढं कबूल. खोटं बोलायची गरज तुम्हाला कधी वाटलीच नाही. तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी मी वर तुझी वायर डिस्कनेक्ट केलेली. प्रोसिजर आहे ती. शेजारी एवढी पॉवर ट्रान्समिट करताना रिसिव्हर जोडलेला ठेवला तर जळतो. संध्याकाळी परत जोडली." मम्मी म्हणाली, "मला सांगितलं नाय." आणि तुम्ही, चाचांच्या देखत, एखाद्या शिकाऊ पोराला समजावतात तसं म्हणालात, "सांगून काय झालं असतं? जोडली असती तरी ऐकू आलं नसतं." चाचा मान खाली घालून चपला शोधायला लागले. भाऊ गेल्याचं कळून अजून चहाचं आधण उकळण्याएवढा वेळ झाला नव्हता, आणि तुम्ही तिला पॉवरचा हिशेब सांगत होतात.

त्यानंतर ती तुमच्याशी भांडली नाही, रडली तीही बाथरूममध्ये. पण पुढच्या शुक्रवारी तुम्ही हेडफोन चढवलात आणि बाहेर तिने पंखा लावला. एसी लावला. फ्रिज लावला, शिवणाच्या मशिनची मोटर चालू करून पाय ठेवून बसली, मिक्सरमध्ये काही नसताना तो फिरवला. सगळं घर भणभणत होतं. तुम्ही दार उघडून बाहेर आलात, तिच्या तोंडाकडे पाहिलंत आणि परत आत गेलात. सेट बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला. टॉवर पुढेही उभा होता, तुम्ही ती ड्यूटीवर असताना बसायचात, पण आमच्या घरात पुन्हा कुणी कुणासाठी पंखा बंद केला नाही. मला तेव्हा वाटलं मम्मी जिंकली. पुढे कळलं की त्यात जिंकण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

मी तुमचीच लाइन घेतली याचा तुम्हाला अभिमान होता. डिप्लोमा झाला तेव्हा तुम्ही मला तुमचा मीटर दिलात, चामड्याच्या केसमध्ये, आणि चारचौघांत म्हणालात, बापावर गेली. बापावर नाही, बापाच्या एका वाक्यावर गेले. जोडली असती तरी ऐकू आलं नसतं, हे खरं की खोटं एवढंच मला शिकायचं होतं. नोकरीत माझं कामच ते झालं: एकाच इमारतीच्या गच्चीवर कुणाचा अँटेना कुठे बसवायचा, किती उंच, किती लांब, उभा की आडवा, म्हणजे एकाचा दुसऱ्याला त्रास होणार नाही. आणि पहिल्याच महिन्यात मला उत्तर मिळालं. आलं असतं, डॅडी. टाकीवर दांडी असती, हाजीसारखी वेगळी केबल असती, आणि तुमच्या खणात पडून असलेल्या फिल्टरांतला एक मध्ये असता, तर अगदी स्वच्छ आलं असतं. आणि ते सगळं राहू दे. तुम्ही सारखे थोडेच बोलत होतात? हाक मारून झाली की समोरच्याचं ऐकायला तुम्हीही गप्प बसायचात. वायर सुटी करायची ठरवली होती, तर जिना उतरून एवढं म्हणायचं होतं की मी आज तुझी वायर काढतोय, तुझा भाऊ किती वाजता बोलणार आहे? त्या वेळापुरता तुमचा जपान थांबला असता. माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते: शेजाऱ्याचं बंद करायचं असेल तर आधी त्याला सांगा. त्यांना वाटतं हा कंपनीचा नियम आहे.

मम्मी आता माझ्याकडे असते, वसईला. खूप थकली आहे. तिच्या खोलीत टीव्ही चालू असतो, उशाशी रेडिओ चालू असतो, पंखा फुल, आणि किचनमध्ये मिक्सर लागला की तिला बरं वाटतं. शेजारी विचारतात कान गेले का आजींचे. मी हो म्हणते. गेल्या बुधवारी दुपारी मी तिचे पाय चेपत होते, आणि त्या सगळ्या गोंगाटात ती एकदम म्हणाली, "तू तर त्यातली शिकलेली. तुझे डॅडी बोलले ते खरं व्हतं काय गो? आलंच नसतं ऐकू?" इतक्या वर्षांत तिने हे मला कधी विचारलं नव्हतं. मी याच प्रश्नाची वाट बघत अर्धं आयुष्य काढलं होतं. तुमच्याविरुद्धची सगळी साक्ष माझ्याजवळ तयार होती, टाकीपासून फिल्टरपर्यंत, एकही गाळलेली जागा नाही. आणि तिचे ते बारके, सुजलेले पाय माझ्या मांडीवर होते.

मी म्हणाले, "नसतं आलं, मम्मी. डॅडी बरोबर होते."

तिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग ठीक हाय. मंग माझं काय चुकलं नाय." तिचं, डॅडी! एवढी वर्षं तिला वाटत होतं की आपण सेटजवळ बसलो, पण काहीतरी बटण आपणच हलवलं असेल. तुमच्यासारखा जाणता माणूस ऐकूच आलं नसतं म्हणतो ते आपल्याला सांभाळून घ्यायला म्हणत असेल, असंच ती धरून बसली होती! तिने हात लांब करून रेडिओ बंद केला. मला म्हणाली, तो टीव्ही बंद कर, आणि पंखा जरा कमी कर. आणि लहान पोरासारखी कुशीवर वळून झोपली.

तेव्हा तुम्हाला मी सोडवलं ते तुमच्यासाठी नाही, हे नीट समजून घ्या. माझ्या लेखी तुम्ही होतात तिथेच आहात. हे पत्र कुठे टाकायचं असतं तरी टाकलं नसतं; तुम्ही पहिल्या पानावरच म्हणाला असतात, मुद्द्याचं सांग, सिग्नल वीक आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. ती झोपली आणि घर इतकं शांत झालं की किचनमधल्या फ्रिजची घरघर तिच्या खोलीपर्यंत ऐकू यायला लागली. मी उठले, चवड्यांवर चालत गेले आणि फ्रिज बंद केला. तुमच्या घरात शिकलेला हात, मला न विचारता गेला. संध्याकाळी सगळं दूध नासलं होतं, आणि मम्मी अजून बारीक घोरत झोपलेली होती.